सेशनमधली ट्यून ओळखायची कशी? (आयरिश पारंपरिक संगीत)

गवतीचहा
डब्लिनमधल्या एका पबातल्या सेशनचं (टेबलाभोवती जमून वाजवण्याच्या बैठकीचं) रेकॉर्डिंग आहे, वाजवणाऱ्यांना विचारूनच केलेलं. लांबी ५ मिनिटं ५० सेकंद. तीन ट्यून्स एकापाठोपाठ, मध्ये थांबणं नाही. १:४० ला पहिला बदल, ३:२० ला दुसरा. वाद्यं फिडल (व्हायोलिनच), लाकडी फ्लूट, काँसर्टिना (भात्याचं छोटं वाद्य) आणि गिटार.

पहिली ऐकताना भूप वाटतो. दुसरीत सा बदलतो, वळण काफीचं. तिसरीत सा आणखी तिसरीकडेच, डी वर जातो आणि कोमल नी येतो. ठेका तिन्हींत सारखाच. ॲपला ऐकवलं तर दर वेळी वेगळं नाव.

प्रश्न दोन: या तिघींची नावं काय, आणि एरवी ओळखण्याची रीत काय? जोडप्रश्न: बासरी घेऊन अशा सेशनला बसलं तर चालतं का?

तिरफळ
नाव शेवटी शोधायचं. आधी जात ओळखा. पायाने ठेका धरा आणि एका ठेक्यात किती नोटा येतात ते मोजा.

तीन-तीनचे दोन गट म्हणजे जिग. तीनचे तीन गट म्हणजे स्लिप जिग. चार-चार सलग पळत असतील तर रील. चारच, पण लांब-आखूड लांब-आखूड असे डुलत आणि संथ, तर हॉर्नपाइप. दोनाचा टणक ठेका असेल तर पोल्का. केरी आणि कॉर्कच्या सीमेवरच्या स्लीव्ह लूक्रा भागात पोल्का आणि स्लाइड भरपूर. स्लाइड नवख्याला जिगच वाटते, पण तिच्यात तीन-तीनचे चार गट एका दमात जातात आणि वेग जास्त असतो.

एवढ्याने हजारोंतून शेकड्यांवर येता. मग सा कुठे आहे ते, मग पहिले दोन बार (ठेक्यांचे कप्पे).

झिम्मड
मोजायला सोपं: जिगला "कांदे नि बटाटे, कांदे नि बटाटे". स्लिप जिगला "कांदे नि बटाटे टोमॅटो". रीलला "साबुदाणा साबुदाणा". तिकडे जिगसाठी "रॅशर्स अँड सॉसेजेस" म्हणतात. आपलं शाकाहारी आहे इतकंच.

पानशेत_एक्स्प्रेस
उपासाला फक्त रील चालेल म्हणजे :)

खडीसाखर
तिरफळ यांच्या "सा कुठे आहे"मध्ये आपल्या लोकांची हमखास फसगत होते. इलन पाइप्सचा (आयरिश बॅगपाइपचा) खर्ज सुरू असला की आपण त्यालाच सा समजतो. तो तंबोरा नव्हे! काँसर्ट पिचच्या पाइप्सचे ड्रोन डी वर लावलेले असतात. ट्यून ई वर बसलेली असली तरी खाली डी च वाजत राहतो. सा शोधायचा तर आठव्या बारची शेवटची नोट बघा आणि गिटारवाला ट्यूनच्या अगदी अखेरीला कुठे येऊन थांबतो ते ऐका. पहिल्या नोटेवर विसंबू नका, बऱ्याच ट्यून्स पंचमापासून सुरू होतात.

बहुतेक ट्यून्स दोनच पट्ट्यांच्या सुरांत बसतात, हे कळलं की गोंधळ निम्मा होतो. दोन शार्पवाली पट्टी (एफ आणि सी तीव्र): सा डी वर असेल तर बिलावल, ई वर काफी, ए वर खमाज, बी वर आसावरी. एका शार्पची (फक्त एफ तीव्र): जी वर बिलावल, ए वर काफी, डी वर खमाज, ई वर आसावरी. सूर तेच, घर बदलतं. गवतीचहा, तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये सा दोनदा हलतो तो त्यामुळेच. सेटमध्ये (सलग वाजणाऱ्या ट्यून्सच्या गटात) पुढची ट्यून निवडताना मुद्दाम घर बदलतात, त्याने उसळी येते.

अर्धा_कप
थाट ठीक, पण राग शोधू नका. भूपासारखं वाटलं तरी आरोह-अवरोहाचे नियम, वादी-संवादी यातलं काही तिथे लागू नाही. नोटांचा हिशेब म्हणून सरगम वापरा, तिथेच थांबा.

खडीसाखर
@अर्धा_कप, मान्य. थाट म्हटलंय, राग नाही म्हटलेलं.

मोरपंखी_पेन
नावाचा एवढा ध्यास कशाला? सेशनमधल्या निम्म्या लोकांना आपण वाजवतोय त्याचं नाव आठवत नाही. जुन्या संग्रहांत आणि रेकॉर्डवर "गॅन ॲनम" असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे बिननावाची. एकाच ट्यूनला पाच नावं, आणि एका नावाच्या दोन वेगळ्या ट्यून्स. "टॉस द फेदर्स" नावाच्या निदान दोन रील्स सर्रास वाजतात, एक ई वरची आणि एक डी वरची. "सॅली गार्डन्स" म्हटलं तर रील की गाण्याची चाल, ते विचारावं लागतं. "फॉक्सहंटर्स" नावाची रीलही आहे आणि स्लिप जिगही.

तिरफळ
ध्यास एवढ्यासाठी, की नाव कळलं तर दुसऱ्या दहा जणांचं वाजवणं ऐकता येतं. एकाच रेकॉर्डिंगवरून शिकलेली ट्यून म्हणजे त्या एका फिडलवाल्याच्या सवयी पाठ केल्यासारखं होतं. नाव हे टोपणनावच असलं तरी शोधायला पुरतं.

शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ'नील यांनी १९०३ साली १८५० ट्यून्सचा संग्रह छापला. तिथली नावं आणि आज पबात ऐकू येणारी नावं बऱ्याचदा जुळत नाहीत. म्हणून नावासोबत जात आणि सा पण टिपून ठेवा: "जिग, जी, अमुक". मग घोळ होत नाही.

दगडूशेठ_दोन
ॲपबद्दल. ट्यूनपॅलसारखी ॲप्स दहा-बारा सेकंदांतल्या सुरांचा क्रम काढतात आणि साठ्यातल्या नोटेशनशी ताडून सर्वांत जवळचा लावून देतात. गाणी ओळखणाऱ्या नेहमीच्या ॲप्ससारखं रेकॉर्डिंगशी रेकॉर्डिंग जुळवत नाहीत. त्यामुळे एकटी फ्लूट, व्हिसल किंवा फिडल असेल तर छान चालतं. चार वाद्यं, गिटारचे कॉर्ड्स आणि ग्लासांचा किणकिणाट असेल तर सुरांचा क्रमच चुकीचा निघतो.

उपाय: रेकॉर्डिंग ऐकून पहिला भाग स्वतः व्हिसलवर किंवा बासरीवर वाजवा, मूळ पट्टीतच, अलंकार काढून, सावकाश, आणि तो ॲपला ऐकवा. सुरुवात भागाच्या आरंभापासूनच करा. सेटमध्ये ट्यून बदलताना रेकॉर्ड केलं तर अर्धी एक आणि अर्धी दुसरी ट्यून जाते, मग ते काहीही सांगतं. आणि तीन नावं आली म्हणजे तीन उत्तरं असंच नाही. तिन्ही नावं एकाच ट्यूनची असू शकतात, नोटेशन उघडून बघा.

अर्धा_कप
"अलंकार काढून" हे महत्त्वाचं. फ्लूटवाला लांब सा वाजवत नाही, रोल घेतो: सूर, वरून एक कट, पुन्हा सूर, खालून एक टॅप, पुन्हा सूर, हे सगळं तीन नोटांच्या जागेत. कट आणि टॅप यांना स्वतःची लांबी नसते, मधल्या खटक्यासारखे असतात. ऐकून लिहिणारा ते पाच सूर म्हणून लिहितो आणि बारमध्ये दोन नोटा जास्त होतात. मात्रा जुळेनात की समजा रोल लिहून बसलात. त्या जागी "सा - -" लिहायचं.

सुपारी
वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

तिरफळ
पहिली ट्यून. गवतीचहा, जी ला सा धरून हे ताडून बघा:

सा - - सा रे ग | रे - - रे ग प | ध प प सां प प | ध प ग प ग रे |

पुढच्या चार बारमध्ये हेच जवळपास परत येतं आणि अखेर होते "रे सा नी सा - -" अशी, नी मंद्र सप्तकातला. हे जुळलं तर ती "केश जिग". पहिला भाग जवळजवळ संपेपर्यंत पाचच सूर आहेत, म्हणून भूप वाटतो. शेवटच्या बारमध्ये शुद्ध नी टपकतो आणि भूप मोडतो. तो नी आहे की नाही ते नीट ऐका.

गवतीचहा
@तिरफळ, आहे! आठव्या बारमध्ये मंद्र नी स्पष्ट आहे. पहिली केश नक्की.

पानशेत_एक्स्प्रेस
केश म्हणजे सगळ्यांना येणारी. बोथी बँड या आयरिश गटाच्या १९७५ च्या पहिल्या अल्बममध्ये सुरुवातीलाच आहे, बरेच नवशिके तिथूनच सुरू करतात. काही सेशन्समध्ये कुणी सुरू केली की जुनी मंडळी बाहेर सिगारेट ओढायला जातात, असं म्हणतात :) दिवे घ्या.

दगडूशेठ_दोन
वेळेवरूनही बरंच निघतं. साधी जिग म्हणजे पहिला भाग आठ बार दोनदा, दुसरा आठ बार दोनदा, एकूण ३२ बार. बारमध्ये दोन ठेके, म्हणजे ६४ ठेके. मिनिटाला ११५ च्या आसपास वेग धरला तर एक आवर्तन साधारण ३३ सेकंदांचं. तीनदा वाजवली की १०० सेकंद, म्हणजे १:४०. तुमचा पहिला बदल बरोबर तिथेच आहे. दुसरी ट्यूनही १:४० ते ३:२०, म्हणजे तीही ३२ बारची, तीनदा.

तिसरी मात्र ३:२० ते ५:५०, म्हणजे १५० सेकंद. वेग तोच असेल तर दीडपट. ३२ ची दीडपट ४८. म्हणजे तिसरी जिग तीन भागांची आहे, किंवा साधी जिग साडेचारदा वाजवली आहे, जे कुणी करत नाही. तीन भागांच्या, डी वर सा आणि कोमल नी असलेल्या जिग्ज मोजक्या आहेत.

झिम्मड
बाप रे, स्टॉपवॉच लावून संगीत. भारी आहे हे.

मोरपंखी_पेन
तीन भाग, डी, कोमल नी... "ब्लार्नी पिलग्रिम".

खडीसाखर
असू शकेल, पण ती खालून सुरू होते आणि हळूहळू वर चढते. गवतीचहा, तुमची तिसरी वरून उतरते की खालून चढते?

गवतीचहा
वरून उतरते. पहिलीच नोट तार सप्तकातली आहे.

खडीसाखर
मग "बॅनिश मिसफॉर्च्यून" बघा. डी ला सा धरून, नी कोमल:

गं रें सां नी प म | प - सां नी प म | ग - सा सा रे सा | ग रे ग म ग म |

आठव्या बारमध्ये बऱ्याच ठिकाणी "प सां नी सां - -" असं वाजवतात आणि तिथला नी शुद्ध असतो. बाकी भागात कोमल, वर सा ला जाताना शुद्ध. @अर्धा_कप, राग म्हणणार नव्हते, पण खमाज ऐकलेल्या कानाला ही जागा चुकणार नाही.

अर्धा_कप
हे मात्र मलाही नाकारता येत नाही. गवतीचहा, शुद्ध नी ही खात्रीची खूण धरू नका पण. काही जण तिथेही कोमलच ठेवतात. उतरत्या पहिल्या बारवरून ठरवा.

सुपारी
विषयांतर होतंय, पण तबला नेला तर? सहा मात्रा म्हणजे दादराच की.

तिरफळ
दोन अडचणी. एक, दायाँ एका सुरात लावलेला असतो आणि इथे पाच मिनिटांत सा दोनदा बदलतो. ई वरच्या ट्यूनखाली जी ची चाट वाजत राहिली की सगळ्यांचे दात आंबतात. दोन, तालवाद्य एका वेळी एकच हा बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा संकेत आहे. बाउरान (ती एका बाजूने कातडं असलेली, डफासारखी) वाजवणारा आधीच बसलेला असेल तर दुसऱ्याने थांबायचं किंवा सेट वाटून घ्यायचे. गिटारलाही तेच. दोघा गिटारवाल्यांनी एकाच बारला वेगवेगळे कॉर्ड धरले की ट्यूनचं घर कुठलं तेच कळेनासं होतं.

पानशेत_एक्स्प्रेस
आणि हार्मोनियम?

तिरफळ
नको.

दगडूशेठ_दोन
बासरीचं उत्तर राहिलं. चालते, पण योग्य बासरी लागते. बासरीवर वरची तीन भोकं बंद म्हणजे सा, साही बंद म्हणजे मंद्र पंचम. आयरिश फ्लूटवर साही बंद म्हणजे डी. डी हा ज्याचा पंचम तो सा म्हणजे जी. म्हणून पांढरी पाचची बासरी घ्या, म्हणजे बोटं आणि सप्तक दोन्ही आयरिश फ्लूटशी जुळतात. टिन व्हिसल याच बोटांनी, एक सप्तक वर. विकत घेताना "डी ची बासरी" असं मोघम मागू नका. काही दुकानदार साही बंदच्या सुरावरून नाव देतात, काही सा वरून. पांढरी पाच म्हणा, आणि साही भोकं बंद करून ट्यूनरवर डी येतो का ते दुकानातच बघा.

सगळी भोकं उघडी म्हणजे तीव्र म, म्हणजेच सी शार्प. जी च्या ट्यून्समध्ये सी साधा लागतो, तो पहिलं भोक अर्धं दाबून, म्हणजे आपला शुद्ध म. बासरीवाल्यांना ही सवय असतेच. व्हिसलवर त्यासाठी पहिलं उघडं आणि दुसरं-तिसरं बंद ठेवतात.

अर्धा_कप
सूर मिळतील, चाल मिळणार नाही, हे लक्षात घ्या. आपल्याकडे सुरांमध्ये मींड, श्वास लांब. तिथे बहुतेक सूर कट किंवा टॅपने तोडलेले, ठेका सुरातूनच कळतो. मींड घेतली की जिग वितळते. आधी साध्या, कोरड्या नोटा वाजवा, प्रत्येक तीनच्या गटातली पहिली किंचित लांब ठेवा. रोल नंतर. फिडलकडे वळणार असाल तर हिंदुस्थानी पद्धतीने सा-प-सा-प लावलेलं व्हायोलिन जी-डी-ए-ई ला आणावं लागतं. पहिली तार नुसती ताणून ई वर नेऊ नका, तुटू शकते. त्या सुराची तार विकत घ्या.

मोरपंखी_पेन
बसण्याचे संकेत लिहायला हवेत, नाहीतर पुढच्या आठवड्यात इथले चौघे बासऱ्या घेऊन पोचतील.

टेबलाभोवतीची रिकामी खुर्ची बहुतेक वेळा कुणाची तरी ठरलेली असते. आधी बाहेरच्या बाजूला उभं राहा, दोन सेटच्या मध्ये विचारा, मग बसा. ट्यून जो सुरू करतो तोच वेग ठरवतो, आपण पुढे पळायचं नाही. येत नसेल तर गप्प बसायचं. सूर चाचपडत हळू वाजवणं सर्वांना खुपतं, कारण शेजारच्याला स्वतःचंच ऐकू येत नाही. बदलायच्या वेळी सुरू करणारा वर बघतो किंवा "हप!" म्हणतो. थांबताना काही जण पाय उचलतात. कुणी बिनसाथीचं गाणं किंवा स्लो एअर (संथ चाल) सुरू केली की टेबल एकदम शांत होतं. तेव्हा "क्यूनस" (म्हणजे शांतता) अशी हाक आली तर ती तुमच्या गप्पांसाठी आहे.

नाव विचारायचं तर सेट संपल्या संपल्या, "मधली कुठली होती?" असं. अर्ध्या तासाने गुणगुणून विचारलं तर वाजवणाऱ्यालाही सापडत नाही, तोवर डोक्यात दहा दुसऱ्या ट्यून्स आलेल्या असतात.

खडीसाखर
+१. नवख्यांसाठी स्लो सेशन असतं, तिथून सुरुवात करा. १९५१ साली स्थापन झालेल्या कोल्टस या आयरिश संगीताच्या संस्थेच्या शाखांमध्ये आयर्लंडबाहेरही अशी सत्रं भरतात. तिथे ट्यूनचं नाव सांगून, एकेक भाग परत परत वाजवून शिकवतात.

गवतीचहा
सर्वांचे आभार. तिसरीचा पहिला बार जुळला, गं रें सां नी प म. आता फक्त मधली राहिली. ई वर सा, काफी. सुरुवातीला सा आणि मग पंचम.

मोरपंखी_पेन
"ड्राउझी मॅगी"?

तिरफळ
ती रील आहे, इथे कांदे-बटाटे चाललेत :)

तरी मोरपंखी यांचा संशय अगदीच गैर नाही. ई वरच्या तीन प्रसिद्ध ट्यून्स सा आणि प नेच उघडतात, म्हणून पहिल्या दोन सुरांवरून ठरवता येत नाही. नी सगळीकडे कोमल:

ड्राउझी मॅगी, रील: सा - प सा नी सा प सा
कूलीज, रील: सा प प म प - सा प
मॉरिसन्स, जिग: सा - - प - - | सा प सा म रे नी |

मॉरिसन्सच्या दुसऱ्या बारचा नी मंद्रातला, म्हणजे डी. गिटारवाला तिथे ई मायनरवरून डी मेजरवर येतो. रेकॉर्डिंगमध्ये सूर ओळखू येत नसतील तर तो कॉर्ड बदल ऐका, खालून ढकलल्यासारखा स्पष्ट कळतो. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले स्लायगोचे फिडलवादक जेम्स मॉरिसन यांच्या नावावरून ती ओळखली जाते.

दगडूशेठ_दोन
मॉरिसन्सचा दुसरा भाग बऱ्याचदा आठ बार दोनदा असा हुबेहूब न येता दुसऱ्या वेळी बदलून येतो, सलग सोळा बारचा वाटतो. बेरीज ३२ च. त्यामुळे १:४० चा हिशेब मोडत नाही.

गवतीचहा
२:०० च्या पुढे तसंच आहे, परत येताना वेगळं वाजवतात. आणि दुसऱ्या बारला म रे नी सापडले. केश, मॉरिसन्स, बॅनिश मिसफॉर्च्यून.

पण ट्यूनपॅलला मधली अजूनही ओळखता येत नाहीये. व्हिसलवर सावकाश वाजवून दिली तरी.

दगडूशेठ_दोन
सुरुवातीचे "सा - - प - -" लांबच ठेवताय का? पहिल्या चार बारमध्ये दोन बार नुसत्या लांब सुरांचे आहेत, दहा सेकंदांत ताडायला पुरेसा ऐवज जात नाही. दुसऱ्या भागापासून द्या, तिथे नोटा दाट आहेत. आणि फार सावकाश नको, मूळ वेगाच्या पाऊणपट तरी ठेवा.

सुपारी
हार्मोनियमबद्दल अजून कुणी कारण दिलेलं नाही.